बेंजो कूल का नाही?

माझा भाचा अकोल्यात राहतो. रात्री लॅपटॉपवर रॅप करतो. कंपनीचा पैसा नाही, सिनेमाचा आधार नाही. मला त्याचं कौतुक आहे. परवा त्याने गाण्याखाली आपल्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे ते लिहिलं. पाच नावं, पाचही अमेरिका-इंग्लंडची. माझ्या अब्बांचं, म्हणजे त्याच्या नानांचं नाव नाही. अब्बा चाळीस वर्षं कव्वाली पार्टीत बेंजो वाजवायचे. अमरावती, अकोला, बाळापूर, जिथे उरूस तिथे. भाच्याच्या कानावर पहिला सूर त्यांचाच पडला. विचारलं तर म्हणाला, "मामू, वो कूल नहीं लगता."

मला राग भाच्याचा आला नाही. कूल काय ते परस्पर ठरवणाऱ्यांचा आला.

रॅपचंच बोलू. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ज्याने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या आणि ज्या रात्रीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात, त्या डीजेचं नावच कूल हर्क. पोरगा जमैकाचा. तिकडे गल्लीत मोठे स्पीकर लावून नाचायची रीत, तीच त्याने आणली. जेम्स ब्राउनच्या रेकॉर्डींमधला तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला. म्हणजे ज्यांना आपण कूल म्हणतो, ते आपल्या मोहल्ल्याचंच गाठोडं घेऊन आले होते. आपण त्यांची टोपी उचलली, रीत नाही.

कव्वालीचंही तेच. 1990 मध्ये नुसरत फतेह अली खान यांचा 'मस्त मस्त' इंग्लंडच्या रिअल वर्ल्डने काढला, मॅसिव्ह अटॅकने त्याचा रीमिक्स केला. लंडनहून आली की कव्वाली 'सूफी फ्यूजन'. आमच्या उरसात वाजली की मागासलेली. सूर तोच, शिक्का दुसऱ्याचा.

मग परदेशी ऐकूच नये का? खुशाल ऐकावं. उसनं घेण्यात लाज नसते, लपवण्यात असते. सुरेश भट अमरावतीचे, जन्म 1932 चा. फारसी-उर्दूची गझल त्यांनी मराठीत रुजवली, नव्या पोरांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली. मतला, काफिया, रदीफ हे शब्दही तसेच ठेवले. अमरावती जिल्ह्यातल्याच भीमराव पांचाळेंनी मराठी गझल गायली. आज तिला परकी कोण म्हणतं?

दोष आपल्या घरातही आहे. बेंजोवाल्याच्या घरात मुलगी द्यायची म्हटली की शिकलेले मुसलमान नाक मुरडतात. काहींना वाद्यच हराम वाटतं. ते त्यांचं मत. पण त्यांच्यातलेच काही पोराच्या वरातीत डीजे लावतात, तेव्हा फतवा कुठे जातो? कलावंताला आपणच हलकं ठरवलं. मग त्याच्या नातवाने नाव लपवलं तर नवल काय?

भाच्याने लिहिलेली यादी अब्बांनी माझ्याकडून वाचून घेतली. "अच्छा है," एवढंच म्हणाले आणि कूस बदलली.

त्यांचा बेंजो कपाटावर पडून आहे, दोन तारा तुटल्यात. तारा मी आणतो. सहावं नाव भाच्याने लिहावं. आणि तो सूर आपल्या गाण्यात घ्यावा, अब्बांचे कान शाबूत आहेत तोवर.