टिआऊ नदी ओलांडून आलेल्यांना परत पाठवू नका

मिझोरम आणि ब्रह्मदेशातील चिन राज्य यांच्यामधून टिआऊ नावाची छोटी नदी वाहते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रह्मी लष्कराने सत्ता बळकावल्यापासून हजारो चिन कुटुंबे ती ओलांडून आपल्या देशात आली आहेत. २०११ च्या जनगणनेत जेमतेम अकरा लाख लोकवस्ती असलेल्या मिझोरमने अशा तीस हजारांहून अधिक माणसांना थारा दिला. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने सीमेवरील राज्यांना येणाऱ्यांना रोखण्यास बजावले होते, तरीही. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून ही आमच्याच रक्ताची माणसे असल्याचे कळवले. झोरमथांगा एकेकाळी स्वतः मिझो बंडात होते आणि ऐझॉलवर मार्च १९६६ मध्ये आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले होते. स्वतःच्या सरकारचे विमान डोक्यावर घोंघावते तेव्हा काय होते, हे मिझोंना दिल्लीने सांगण्याची गरज नव्हती.

हे आवाहन त्या तीस हजारांसाठी आहे. आणि रोहिंग्यांसाठीही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. ते नाव दिसताच काही वाचक पान उलटतील याची कल्पना आहे.

ब्रह्मदेशाची आपली ओळख मंडालेच्या तुरुंगातले टिळक आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा यांच्यापुढे फारशी सरकत नाही. तिथले युद्ध मात्र स्वतंत्र ब्रह्मदेशाच्याच वयाचे आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये पांगलाँग येथे आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांना डोंगरी मुलखात स्वायत्ततेचा शब्द दिला. पाच महिन्यांत त्यांची हत्या झाली आणि शब्द कागदावरच राहिला. १९४९ मध्ये करेन लढायला उठले, १९६१ मध्ये काचिन सेना उभी राहिली, १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. बंडखोर हाती लागेनात तेव्हा लष्कराने त्यांच्या मागची गावे धरली. अन्न, पैसा, माहिती आणि भरती या चारही वाटा तोडायच्या, हे धोरण साठच्या दशकात आखले गेले. प्रत्यक्षात त्याचा अर्थ कोठारातले भात जाळणे आणि अख्खी गावे उठवणे. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चिन राज्यातले थांटलाँग शहर असेच पेटले. आज देशातल्या देशात परागंदा झालेल्यांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे तीस लाखांवर आहे.

पण लष्कर वाईट म्हणून प्रत्येक बंडखोर सेना चांगली ठरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीन सेनांनी एकत्र येऊन लष्कराला जबर हादरा दिला. त्यांतली एक अराकान आर्मी. तिने पुढे राखाईन राज्याचा मोठा भाग जिंकला, आणि रोहिंग्यांची घरे जाळल्याचे, त्यांना मारल्याचे गंभीर आरोप तिच्यावरही झाले. आरोप ती नाकारते. दुसऱ्या बाजूने लष्कराने त्याच रोहिंग्यांना बळजबरीने भरती करून तिच्याविरुद्ध उभे केले, म्हणजे ज्यांना १९८२ च्या कायद्याने नागरिकत्व नाकारले त्यांनाच! २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पिटाळणारे हेच लष्कर. माझ्या मते या युद्धात बाजू घ्यायची ती झेंड्यांची नव्हे. ज्याच्या हाती मुलूख आहे तो तिथल्या दुबळ्या जमातीशी कसा वागतो, एवढे पाहावे.

आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सहीही नाही. त्यामुळे आज आसरा, उद्या अटक, असे चालते. मे २०२५ मध्ये दिल्लीतून नेलेल्या काही रोहिंग्यांना ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरवल्याचा आरोप झाला. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले होते की जगण्याचा हक्क परक्यालाही आहे. सीमेची सुरक्षा महत्त्वाची, हे मान्य. शस्त्रे आणि अमली पदार्थ आणणाऱ्याला जरूर पकडा. येणाऱ्यांची नोंद ठेवा, ओळखपत्रे द्या. पण तान्हे मूल घेऊन आलेल्या बाईला बॉम्ब पडणाऱ्या गावात परत पाठवून कोणती सीमा सुरक्षित होते?

म्हणून वाचकहो, तुमच्या खासदाराला पत्र लिहा. ब्रह्मदेशातील हवाई हल्ले थांबेपर्यंत कोणालाही जबरदस्तीने परत पाठवू नये, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित यंत्रणेला सीमेवरच्या छावण्यांत जाऊ द्यावे आणि मिझोरमला यासाठी केंद्राने नियमित पैसा द्यावा, या तीन मागण्या पुरेत. जमले तर मदतही करा. आजवर हा भार मुख्यतः यंग मिझो असोसिएशन, चर्च आणि गावकऱ्यांनी उचलला आहे. ताडपत्री, तांदूळ, औषधे, मुलांची पुस्तके, सगळेच हवे असते. पैसे पाठवण्याआधी संस्थेची नोंदणी तपासा. जुने कपडे मात्र गोळा करू नका, ऐझॉलपर्यंतचा वाहतूक खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त होतो. डॉक्टरांच्या संघटनांनी आपले पथक पाठवण्याचा विचार करावा.

आणि रोहिंग्यांविषयी फिरणारा एखादा व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी तो कुठला, कधीचा, एवढे पाहा.

खासदारांचे पत्ते संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. पत्र मराठीत लिहिले तरी चालते. या आठवड्यातच लिहा.