कुसात्सूचे ऊन पाणी

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे हल्ली जपानला जाऊन येतात, आणि परतल्यावर देवळांपेक्षा डोंगरातल्या उन्हाळ्यांचेच वर्णन अधिक करतात. तेथे त्यांस ओन्सेन म्हणतात. गुन्मा प्रांतातील कुसात्सू हे त्यांत अग्रगण्य. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर वसलेले हे गाव; भर चौकात वाफाळणारे पाणी लाकडी पन्हळींतून निवत वाहत असते. पाणी इतके आम्ल की लोखंडी खिळा काही दिवसांत झिजून जावा. त्यात थंड पाणी मिसळले तर गुण जातो, म्हणून बायका लांब फळ्यांनी ते ढवळून निववतात आणि ढवळताना गाणी म्हणतात. पाहुण्याने आधी बुटक्या चौरंगावर बसून अंग स्वच्छ धुवावे, मगच कुंडात उतरावे, हा तेथील दंडक. आमच्या सोवळ्यातल्या आज्यांना तो मनापासून पटला असता!

जर्मन वैद्य बेल्झ याने या पाण्याची महती पाश्चात्त्यांस सांगितली. पण त्याआधीपासूनच ज्यांना घरी, गावी थारा नव्हता असे कुष्ठरोगी गुणाच्या आशेने येथे येत. त्यांची युनोसावा ही वस्ती गावालगत होती. तेथे ते संसार करीत, व्यवहार करीत. १९३२ साली गावाबाहेर कुर्यू राकुसेनएन हे सरकारी रुग्णालय निघाले आणि पुढील दहा वर्षांत युनोसावा मोडून काढण्यात आली. १९३८ साली त्याच आवारात शिक्षेच्या कोठड्या बांधल्या गेल्या. देशभरच्या रुग्णालयांतून 'उद्दाम' ठरलेले रोगी चौकशीवाचून येथे धाडले जात. १९४७ पर्यंत ९३ जण कोंडले गेले. त्यांपैकी २३ जण मरण पावले. हिवाळ्यात तेथे पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरतो, आणि कोठडीत शेगडी नव्हती.

रोगावर औषध १९४० नंतरच्या दशकात सापडले. सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा मात्र १९९६ पर्यंत टिकला, आणि तो घटनाविरोधी असल्याचा निर्णय कुमामोतोच्या न्यायालयाने २००१ साली दिला. जपानकडे बोट दाखविण्याचा आम्हांस अधिकार नाही. आपल्याकडील १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळण्यास २०१९ उजाडले. किती घराण्यांच्या वंशावळीत एखादे नाव मुद्दाम गाळलेले आहे, हे ज्याचे त्याने आठवावे.

कुसात्सूला जाणाऱ्यांनी स्नान अवश्य करावे. सुख खरेच आहे. परंतु मुक्कामातली एक सकाळ राकुसेनएनकरिता राखावी, असा आमचा आग्रह आहे. त्या कोठड्यांचे संग्रहालय २०१४ पासून उघडे आहे. जवळच अस्थिगृह आहे. ज्यांच्या अस्थी घरच्यांनी नेल्या नाहीत, त्या तेथे ठेवल्या आहेत.