जीपच्या पोटाखालचा काळा डाग

सकाळी गाडी बाहेर काढली आणि रात्री ती उभी होती तिथे फरशीवर तेलाचा काळा डाग दिसला, तर तुम्ही काय करता? आमच्या घरी त्यावर पोतं टाकलं गेलं. दोन महिने! मग एका संध्याकाळी ग्वारीघाटाच्या उतारावर हँडब्रेक ओढून बाबा खाली उतरले आणि जीप हळूच पुढे सरकू लागली. पुढे माणसं होती. बाबांनी धावत दार गाठून पायाचा ब्रेक दाबला, म्हणून निभावलं.

डाग आणि हँडब्रेक यांचा काय संबंध? फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची पेटी असते. इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणं हे तिचं काम. विलिस घडणीच्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून या पेटीच्या मागच्या तोंडावरच असतो. तिथलं ऑइल सील गेलं की ऑइल ड्रममध्ये शिरतं, लायनिंग भिजतं आणि ब्रेक धरतच नाही.

आमच्या जबलपुरात या गाड्यांची माया जुनी. जोंगाचं नावच मुळी ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून आलंय. लष्करासाठी इथे बनलेली ही निसानच्या घडणीची गाडी 1999 पर्यंत तयार होत होती. लिलावात घेतलेली एखादी जोंगा अजूनही रस्त्यात दिसते आणि मान आपोआप वळते.

असो. आधी गळती कुठली ते शोधा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तसा नसतो. पेटी केरोसीनने स्वच्छ पुसा, वाळल्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होईल, तिथे दुखणं.

सील मागवण्याआधी ब्रीदर बघा. पेटीच्या वरच्या अंगाची ही बारीक नळी किंवा टोपी चिखलाने बुजली, तर गरम हवेला वाट मिळत नाही आणि ती ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. अशा वेळी नवं सीलही गळतं. आमच्या मिस्त्रीने आधी सील बदललं, पुन्हा गळालं, मग ब्रीदर उघडला. पैसे दोनदा गेले!

सील बदलायचं तर मागचा प्रॉपेलर शाफ्ट काढावा लागतो. इथे नीट लक्ष द्या. तो शाफ्ट सुटला की अशा जीपला हँडब्रेक रोखू शकत नाही आणि गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते. म्हणून सपाट जागा, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि गाडी उचलली तर भक्कम स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. मुलांना लांबूनच बघू द्या.

ऑइल सोडण्याआधी भरायचा वरचा नट सुटतो का ते बघा. तो अडकला आणि खालून ऑइल निघून गेलं, तर गाडी जागची हलायची नाही. निघालेलं ऑइल ताकासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी गेलंय. नाल्यातून गाडी घातली की तापलेली पेटी झटकन थंड होते आणि पाणी आत ओढते. लोखंडाचे तुकडे निघाले तर मात्र काम मिस्त्रीकडे सोपवा.

शाफ्ट काढताना दोन्ही भागांवर खडूने खूण करा आणि तसाच परत बसवा. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. ओठाला थोडं ऑइल लावा आणि सगळीकडून सारखं ठोकत सरळ बसवा. ज्या भागावर सील फिरतं तिथे नखाला खाच लागत असेल, तर नवं सीलही टिकणार नाही. तो भाग बदला किंवा त्यावर स्लीव्ह चढवा. ड्रम धुवा, भिजलेलं लायनिंग नवंच घाला. ते पुसून चालत नाही.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. जुन्या जीपला बहुधा गिअर ऑइल लागतं, पण काही नव्या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल असतं. गाडी सपाट उभी करून भरायच्या भोकाच्या काठापर्यंत भरा.

जुनं ऑइल डब्यात साठवून, ते पुनर्वापराला देणाऱ्या गॅरेजात पोचवा. आणि गाडी धुवायला घाटावर नेऊ नका हो, ते सगळं नर्मदेत जातं.

आमच्या फरशीवरचा डाग अजून आहे. आई रोज सकाळी त्याच्या शेजारी नवा ठिपका पडलाय का ते बघते.