भरपाईला मदद म्हणू नका

आमच्या मालेगावात लूमवर अपघात झाला की दोन-तीन दिवसांनी मोहल्ल्यातली चार वडीलधारी माणसं बसतात. सेठ येतो, जखमी कामगाराचा भाऊ येतो. चहा होतो. वीस-पंचवीस हजारांवर बोलणं मिटतं, कागदावर अंगठा उमटतो आणि बाहेर पडताना सगळे म्हणतात, सेठनं बरी मदद केली.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं असंच मिटलं. धोटा उसळून डोळ्यावर बसला, डोळा गेला. वय चाळीस, महिन्याची कमाई बारा हजार. हातात आले वीस हजार. मी भाषेचा मास्तर, तरी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचा तक्ता घेऊन हिशेब मांडला. पगाराचे साठ टक्के ७,२००. चाळिशीच्या माणसाचा गुणक १८४.१७. एक डोळा गेला की कमाईची ताकद ४० टक्के घटली असं कायदा धरतो. गुणाकार आला ५,३०,४१० रुपये. मी तो तीनदा करून पाहिला.

आता सेठ म्हणेल, त्याचं लक्ष नव्हतं. कायदा ते विचारत नाही. नशेत असणं किंवा नियम मुद्दाम मोडणं अशा मोजक्या गोष्टी सोडल्या तर चूक कोणाची याला अर्थ नाही. हक्क सोडल्याचा जो कागद करून घेतला, तो कायद्यापुढे रद्दी आहे. कामगार दगावला तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते, बेवेच्या हातात परस्पर ठेवलेली रक्कम भरपाईत धरली जात नाही. २०१७ पासून तर कामावर घेतानाच हे हक्क लेखी सांगणं मालकावर बंधनकारक झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही मालकाची ही जबाबदारी कायम आहे.

आठ लूमवाल्याला पाच लाख जड जातात, हे मला मान्य आहे. सूत महाग, विजेचं बिल वेगळं. पण विमा असतो तो याचसाठी. त्यावर उत्तर मिळतं, "मास्तर, विमा हराम आहे." मग दारातल्या टेम्पोचा विमा कसा काढला? तिथं पोलीस पावती फाडतो म्हणून? खरा दोष इथंच आहे. रस्त्यावर गाडी आणायची तर तिसऱ्या माणसासाठी विमा सक्तीचा, आणि छोट्या कारखान्यात माणूस उभा करायचा तर भरपाईची जबाबदारी आहे, विम्याची सक्ती नाही. दहा कामगार झाले की ईएसआय लागते, मालकाला पगाराच्या ३.२५ टक्के भरावे लागतात. म्हणून एकाच छपराखाली अर्धा कारखाना भावाच्या नावावर, अर्धा बायकोच्या. ही सक्ती एका कामगारापासून हवी, आणि ती मागायला कामगारांच्या आधी आपल्या जमातींनी पुढे यायला हवं.

जुम्याच्या बयानात मजुराच्या घामाची हदीस आपण दरवर्षी ऐकतो. सेठही पहिल्या सफेत बसून ऐकतो. नंतर कळलं, ते वीस हजार त्यानं जकातीत धरले होते. स्वतःच्या डोक्यावरचं देणं जकातीतून फेडता येत नाही, हे त्याला मदरशातल्या पोरानंही सांगितलं असतं.

दावा करायची मुदत दोन वर्षं आहे. डोळा जाऊन सतरा महिने झालेत. अर्ज मी लिहून ठेवला आहे. मुलाचे वडील सही करायला घाबरतात, कारण आता मोठा मुलगा त्याच लूमवर उभा आहे.