कुटुंबनियोजन, गर्भपात आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांबाबत रायपूरमधील मराठी महिलांचे निवेदन

रायपूर, ८ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग,
छत्तीसगड शासन, मंत्रालय, महानदी भवन, नवा रायपूर

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, रायपूर

विषय : नसबंदी शिबिरे कायमची बंद करणे, कायदेशीर गर्भपाताची सोय सरकारी दवाखान्यांत प्रत्यक्ष मिळणे आणि विनाकारण गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांना आळा घालणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणाऱ्या रायपुरात राहणाऱ्या मराठी बायका आहोत. हा भाग ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती, त्या काळात आमच्यापैकी काहींची घराणी नोकरीनिमित्त इकडे आली आणि इथलीच झाली. काही जणी अलीकडे गोंदिया-भंडाऱ्याकडून कामासाठी आल्या आहेत. शासनाच्या नोंदीसाठी हिंदी प्रत सोबत जोडली आहे. हा मराठी मजकूर सही करणाऱ्या प्रत्येकीला आधी वाचून दाखवला. ज्या विषयात बायकांच्या सह्या-अंगठे कागद न वाचताच घेण्याची रीत पडली आहे, त्या विषयाच्या निवेदनाचे तरी तसे होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

आजची तारीख मुद्दाम निवडली आहे. दहा वर्षांपूर्वी, ८ नोव्हेंबर २०१४ रोजी, बिलासपूरजवळ पेंडारी येथे वापरात नसलेल्या एका खासगी दवाखान्याच्या इमारतीत सरकारी शिबिर भरले आणि एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ बायकांची नसबंदी केली. दोन दिवसांनी गौरेला, पेंड्रा, मरवाही भागात आणखी शिबिरे झाली. या सगळ्या शिबिरांत मिळून १३ जणी दगावल्या. बहुतेक तरुण होत्या, घरी लहान मुले होती. एका चमूने एका दिवसात ३० पेक्षा जास्त शस्त्रक्रिया करू नयेत, हा केंद्राचा नियम तेव्हाही होता. आणि त्याच वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी त्या शल्यचिकित्सकाचा ५० हजार नसबंदी शस्त्रक्रिया केल्याबद्दल शासनातर्फे गौरव झाला होता. शाबासकी आकड्याला मिळत असेल तर आकडाच वाढत जाणार, यात नवल काय?

रायपूरकरांना हे प्रकरण लांबचे म्हणता येत नाही. शिबिरानंतर त्या बायकांना दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या आमच्याच शहरातल्या कारखान्यात बनल्या होत्या. त्यांत उंदीर मारण्याच्या औषधातले झिंक फॉस्फाइड सापडल्याचे तेव्हा शासनाने सांगितले. इतरांनी शस्त्रक्रियेतल्या जंतुसंसर्गाकडे बोट दाखवले. निवृत्त न्यायाधीश अनिता झा यांचा चौकशी आयोग नेमला गेला. पण गोळी की जंतुसंसर्ग, या वादात मूळ प्रश्न मागे पडला : पडीक इमारतीत, एका दिवसात, इतक्या बायकांवर शस्त्रक्रिया करायची घाई कुणाला होती? त्या बायकांना तर नव्हती.

बिहारमधील अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२मध्ये एका शाळेत टॉर्चच्या उजेडात ५३ बायकांची नसबंदी झाली होती. त्यावरून देविका बिस्वास यांनी दाखल केलेल्या याचिकेत पेंडारीचाही विचार झाला आणि १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, उद्दिष्टे ठरवू नका, शस्त्रक्रियेचे परिणाम बाईला तिच्या भाषेत समजावून सांगा आणि सही घेण्याआधी तिला तासभर तरी विचार करायला द्या, असे त्यात स्पष्ट आहे. ती तीन वर्षे सप्टेंबर २०१९मध्ये संपली. २७ ऑगस्ट २०२१ रोजी सरगुजा जिल्ह्यातल्या मैनपाट भागात, नर्मदापूरच्या आरोग्य केंद्रात, एका शल्यचिकित्सकाने एका दिवसात १०१ बायकांची नसबंदी केली. पेंडारीपेक्षा १८ जास्त. सुदैवाने जीव गेले नाहीत, म्हणून बातमी चार दिवसांत विरली. चौकशीचे आदेश निघाले. आमच्या दृष्टीने नर्मदापूर हे पेंडारीपेक्षा अधिक चिंताजनक आहे, कारण पेंडारीनंतर आम्हाला माहीत नव्हते असे कुणालाच म्हणता येत नाही.

याच राज्यात याच्या अगदी उलट गोष्टही घडत होती. मध्य प्रदेश शासनाच्या १९७९च्या आदेशाने बैगा, पहाडी कोरवा, कमार, अबुझमाडिया, बिरहोर अशा जमातींच्या नसबंदीला बंदी होती. त्यांची संख्या घटू नये हे कारण. छत्तीसगड वेगळे झाल्यावरही हा आदेश चालत राहिला. सहा-सात बाळंतपणे झालेली बैगा बाई 'आता पुरे' म्हणत दवाखान्यात गेली की तिला परत पाठवत. कित्येक ठिकाणी तांबी आणि गोळ्यासुद्धा नाकारल्या गेल्या, कारण आदेशाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला. बैगा बायका आणि जन स्वास्थ्य अभियान उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे २०१८ साली ही अट गेली. आणि नोव्हेंबर २०१४च्या शिबिरांत जीव गेलेल्यांत एक बैगा बाई होती. कागदावर तिला नसबंदीची मनाई होती; शिबिराचा आकडा भरायच्या वेळी ती मनाई कुणाला आठवली नाही.

महोदय, आमचे सारे म्हणणे या एका बाईपाशी येऊन थांबते. शासनाला हवे तेव्हा तिला गाडीत बसवून नेले जाते, शासनाला नको तेव्हा दारातून परत पाठवले जाते, आणि दोन्ही वेळी तिला काय हवे ते विचारणारे कुणी नसते. कायदे वाईट आहेत अशी आमची तक्रार नाही. ते कागदावर बरेच चांगले आहेत. ते दवाखान्याच्या खिडकीपर्यंत पोहोचत नाहीत.

लोकसंख्येचे कारण तर आता उरलेलेच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) छत्तीसगडचा एकूण जननदर १.८ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या २.१ च्या खाली. त्याच सर्वेक्षणात देशभर विवाहित स्त्रियांच्या नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या नसबंदीचे ०.३ टक्के निघाले. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची आणि थोड्या वेळात होणारी आहे, हे डॉक्टर मंडळी आम्हाला आणि आम्ही आमच्या नवऱ्यांना सांगून थकलो. तिथे शिबिरे भरवायला कुणाची हरकत नाही, पण ती रिकामी राहतील हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे.

१. नसबंदी शिबिर, 'विशेष दिवस', 'पंधरवडा' अशा कोणत्याही नावाने एका जागी गर्दी जमवून शस्त्रक्रिया करणे बंद व्हावे. प्रत्येक सामुदायिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी, ३०च्या मर्यादेत, ही सेवा वर्षभर मिळावी. मर्यादा ओलांडली तर केवळ शल्यचिकित्सकावर नव्हे, उद्दिष्ट देणाऱ्या अधिकाऱ्यावरही कारवाई व्हावी. नसबंदी करू शकणाऱ्या डॉक्टरांची यादी, गुणवत्ता समित्यांची नावे आणि मृत्यूंचे अहवाल २०१६च्या निकालाप्रमाणे संकेतस्थळावर जाहीर करावेत. अनिता झा आयोगाचा अहवाल आणि त्यावरची कार्यवाही हिंदीत व छत्तीसगडीत सर्वांना वाचायला मिळावी.

२. संमतिपत्र छत्तीसगडी, गोंडी, हलबी यांसह बाईला कळेल त्या भाषेत वाचून दाखवावे. टेबलावर घ्यायच्या पाच मिनिटे आधी अंगठा घेणे ही संमती नव्हे.

३. मितानिन, म्हणजे वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती, ही छत्तीसगडने देशाला दिलेली गोष्ट आहे. २००२मध्ये इथे सुरू झालेल्या या कामावरून पुढे 'आशा' उभी राहिली. गल्लीतल्या बाईचा मितानिनवर विश्वास असतो, तोच नसबंदीची 'केस' आणण्यासाठी वापरला जातो. केसमागे पैसे ही पद्धत बंद करून तिला चांगले नियमित मानधन द्यावे. तांबी, अंतराचे इंजेक्शन, छायाच्या गोळ्या, निरोध हे सारे तिच्या पिशवीत कायम असावे. पाळणा लांबवायला आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला थेट ऑपरेशनच सुचवले जाते, हे आम्ही आमच्या मोहल्ल्यांत पाहतो.

४. गर्भपात. या शब्दाजवळ आल्यावर सरकारी दवाखान्यातला आवाज बदलतो, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. १९७१च्या कायद्याने गर्भपात वैध आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरते. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते, आणि मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे असे नियम सांगतात. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२च्या निकालाने अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांपर्यंतचा तोच हक्क मिळाला आहे. तरीही आमच्यातल्या काहींना 'मिस्टरांना घेऊन या' असे ऐकून परत यावे लागले आहे, आणि काही जणी ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून नागपूरपर्यंत गेल्या आहेत. जिला गाडीभाडे परवडत नाही ती कुठे जाते, हे शासनाने विचारावे. प्रसूतीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण २०१८-२०च्या नोंदीनुसार छत्तीसगडमध्ये लाखामागे १३७ होते. देशात ९७, शेजारच्या महाराष्ट्रात ३३. या मृत्यूंच्या कारणांत असुरक्षित गर्भपातही असतो.

म्हणून : रायपूर जिल्ह्यातल्या कोणत्या सरकारी केंद्रात, कोणत्या दिवशी, कितव्या आठवड्यापर्यंत ही सेवा मिळते, याचा फलक दर्शनी भागात लावावा. 'पतीची सही आवश्यक नाही' हे त्यावर ठळक लिहावे. नऊ आठवड्यांपर्यंत वापरता येणाऱ्या गोळ्या सरकारी केंद्रांत उपलब्ध असाव्यात. गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या १९९४च्या कायद्याची भीती दाखवून दुकानदारांना त्या ठेवू न देण्याचा प्रकार औषध निरीक्षकांनी थांबवावा. तो कायदा तपासणीविरुद्ध आहे, गर्भपाताविरुद्ध नाही. बाईचे नाव उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवावे. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवताना तिचे नाव गुप्त ठेवता येते, हे वर सांगितलेल्या २०२२च्या निकालातच आहे. त्याची प्रत प्रत्येक स्त्रीरोग विभागात लावावी.

५. गर्भाशय, म्हणजे पिशवी, काढण्याच्या शस्त्रक्रिया. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या स्मार्ट कार्डावर कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांची मर्यादा होती, त्या काळात खासगी दवाखान्यांनी कॅन्सरची भीती घालून तरुण बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१२मध्ये याच राज्यात उघडकीस आले. काही डॉक्टरांचे परवाने निलंबित झाले. आम्हा मराठी बायकांना ही गोष्ट महाराष्ट्रातल्या बीडची आठवण करून देते : तिथे ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बीडमध्ये नंतर अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शस्त्रक्रियांविषयीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितले आहे. त्यांनुसार रायपूर जिल्ह्याची देखरेख समिती कोणती, ती कधी बसली, हे जाहीर करावे. आयुष्मान कार्डावर चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढण्याआधी दुसऱ्या, सरकारी डॉक्टरचे मत सक्तीचे करावे.

६. बैगा, पहाडी कोरवा अशा विशेष मागास जमातींच्या बायकांना आता कोणत्याही साधनाला मनाई नाही, हे प्रत्येक उपकेंद्रापर्यंत लेखी पोहोचवावे. जुना आदेश रद्द झाल्याची बातमी जुन्या आदेशापेक्षा हळू चालते.

या मागण्या बाहेरून शिकून आलेल्यांच्या आहेत, असे कुणी म्हणेल, म्हणून एवढेच नोंदवतो. र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र मुंबईत १९२१ साली सुरू केले. मुंबई विधिमंडळात १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. सभागृहाने तो फेटाळला. आमच्या शहरातल्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयाला, ज्याला सगळे 'मेकाहारा' म्हणतात, त्याच आंबेडकरांचे नाव आहे. वरच्या चौथ्या मागणीतला फलक पहिल्यांदा तिथे लागावा, ही विनंती.

या निवेदनावर ३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. त्याआधी आमच्या पाच प्रतिनिधींना, त्यांत किमान दोन मितानिन असतील, भेटीची वेळ द्यावी. भेट दुपारी दोननंतर ठेवावी, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणी सकाळी लोकांच्या घरी कामाला असतात.

आपल्या,
रायपूरमधील मराठी महिला नागरिक
(सह्या व अंगठे स्वतंत्र कागदांवर जोडले आहेत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी, रायपूर
अध्यक्ष, छत्तीसगड राज्य महिला आयोग
अधीक्षक, डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, रायपूर