तालीम सुटली, खुराक राहिला

बेळगावच्या खडेबाजारात सकाळी दहाला शटर वर जातं आणि रात्री नऊला खाली येतं. मधला सगळा वेळ गादीवर, नाहीतर काउंटरमागच्या स्टुलावर जातो. चहा तिथंच येतो, डबाही तिथंच उघडतो. रात्री घरी गेल्यावर दहा-साडेदहाला ताट समोर येतं आणि त्यानंतर लगेच अंथरूण. पंचविशीत हे खपून जातं. चाळिशी ओलांडली की शर्टाची पोटावरची बटणं ताणू लागतात आणि त्याच वेळी दंड-मांड्या पूर्वीपेक्षा बारीक झालेल्या असतात. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच वेळी का घडतात, ते समजून घ्या. पुढची सगळी वाट त्यातच आहे.

आपल्या भागाला शरीर कमावणं नवं नाही. पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे हे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. 1959 साली त्यांनी तो मान मिळवला, आणि मेहनत केली ती कोल्हापूरच्या तालमीत. बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्याला आजही कुस्तीशौकीन गर्दी करतात. पन्नाशीतल्या कितीतरी अण्णांनी तरुणपणी पहाटे लाल मातीत जोर-बैठका मारल्या आहेत. पुढं लग्न झालं, दुकान अंगावर आलं, तालीम सुटली. खुराक मात्र राहिला. दूध, तूप, बदाम, रविवारचं मटण आणि रस्स्यावरचा लालभडक कट, सगळं तसंच. त्यात कुंद्याची भर. मेहनत थांबली की तोच खुराक पोटावर बसतो, याची उदाहरणं प्रत्येक गल्लीत आहेत.

‘आता वय झालं, चयापचय मंदावलं, काय करणार?’ असं आपण सहज म्हणतो. हे खरं नाही. 2021 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त माणसांच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास आला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरला, तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत शरीर रोज जवळपास तेवढीच ऊर्जा जाळतं, असं त्यातून दिसलं. उतार लागतो तो साठीनंतर. मधल्या काळात बदलतं ते आपलं चालणं, उचलणं, झोप आणि ताट. दुसरी गोष्ट स्नायूंची. तिशीनंतर वापर नसेल तर दर दहा वर्षांना साधारण 3 ते 8 टक्के स्नायू घटतात. म्हणून वजन काट्यावर तेवढंच दिसलं, तरी आत स्नायूंची जागा चरबीनं घेतलेली असू शकते.

आपल्या भारतीय लोकांना तर हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणं मांडली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा होता, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार असा आपला बांधा असतो. त्यामुळे ‘मी काही जाड नाही’ म्हणून निश्चिंत बसू नका. पोटातली चरबी यकृताभोवती, आतड्यांभोवती साठते. मधुमेह आणि हृदयविकार तिथूनच जवळ येतात.

म्हणून वजनकाटा जरा बाजूला ठेवा आणि शिंप्याची टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये ती गुंडाळा. पोट आत ओढू नका. सहज श्वास सोडा आणि आकडा वाचा. पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि बायकांना 80, ही आपल्याकडची धोक्याची रेषा आहे. पँटचा नंबर यात धरू नका. पँट पोटाखाली सरकवून नंबर तोच राखणारे खूप आहेत.

आता मेहनतीकडे येऊ. पोट कमी करायचं म्हणून पोटाचेच व्यायाम करत राहणं वाया जातं. तिथले स्नायू बळकट होतात, पण वरची चरबी त्या जागेवरून जळत नाही. शरीर ती सगळीकडून घेतं, आणि पुरुषांच्या पोटावरची बहुधा शेवटी निघते. दंडावर, खांद्यावर रेषा उमटायच्या तर खाली स्नायू भरलेला हवा आणि वरचा थर पातळ. नुसतं चालून यातलं अर्धंच काम होतं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांनी त्या अजिबात सोडू नयेत, हृदयाला त्या हव्याच. आठवड्यातून दोन-तीन दिवस मात्र वजन उचललं पाहिजे.

वजन कसं उचलायचं ते बघायला रविवार पेठेत जा. पोतं उचलणारा जाणता हमाल कमरेत वाकून पाठीची कमान होऊ देत नाही. तो पाय फाकवतो, ढुंगण मागं नेतो, पाठ सरळ ठेवतो, पोतं अंगाशी घेतो आणि मांड्यांच्या जोरावर उठतो. हाच पहिला व्यायाम. घरी पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीपासून सुरुवात करा. दुसरा बैठकांचा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसा आणि हात न टेकता उठा, एका वेळी आठ-दहा. तिसरा जोर. जमिनीवर जमत नसतील तर काउंटरला हात टेकून मारा, मग स्टुलावर, मग जमिनीवर. चौथा ओढण्याचा, जो बहुतेक जण विसरतात. भरलेली पिशवी एका हातात घ्या, दुसरा हात कट्ट्यावर टेकून वाका आणि पिशवी बरगडीपर्यंत ओढा. दिवसभर पुढं झुकून बसणाऱ्याची पाठ यानं सरळ होते. प्रत्येकाचे तीन फेरे करा, मध्ये दम घ्या, अर्ध्या-पाऊण तासात सगळं उरकतं. प्रत्येक फेऱ्यातले शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. सोपं वाटू लागलं की पिशवी वाढवा. न वाढवता वर्षभर तेच करत राहिलं तर शरीर तिथंच थांबतं.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी ते चालू ठेवावेत. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आधी सँडो या युरोपीय व्यायामपटूच्या पद्धतीनं वर्षानुवर्षं व्यायाम केला आणि 1908 मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, सूर्यनमस्कार धरले. ते त्यांनी म्हातारपणापर्यंत सोडले नाहीत, शिवाय संस्थानातल्या शाळांतून रुजवले. फक्त नमस्कारात ओढण्याचं काम नाही आणि वजनही वाढवता येत नाही. तेवढी भर पिशवीनं घाला.

अक्का, काकी, वैनींना वेगळं सांगायला हवं. वजन उचलल्यानं बाई पुरुषासारखी दिसू लागते ही भीती मनातून काढून टाका. तेवढे स्नायू वाढवणारं संप्रेरक बायकांच्या अंगात फार थोडं असतं. पाळी जाण्याच्या सुमारास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते आणि हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात. या दोन्हींवर वजनाचा व्यायाम उपयोगी पडतो. निपाणीत मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या बायकांना तर पाठ आणि पाय यांच्या मेहनतीची सर्वांत जास्त गरज आहे.

ताटाचं गणित फार अवघड नाही. चहाच्या प्रत्येक कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला सहा कप धरले, तर साठ ग्रॅम साखर पोटात जाते. म्हणजे 240 कॅलरी. दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत साखर राखणं उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. चहाची साखर निम्मी केली, दुपारचा फरसाण बंद केला आणि फोडणीतलं तेल आवरलं, की दिवसाला चारशे-पाचशे कॅलरी कमी होऊ शकतात. महिन्याला दीड-दोन किलो उतरायला तेवढं बस्स आहे. याहून घाई करू नका. उपास काढून महिन्यात आठ किलो उतरवणाऱ्याचे स्नायूही त्याबरोबर जातात, आणि पुन्हा खायला लागल्यावर परत येते ती बहुतेक चरबीच.

प्रथिनं मात्र वाढवावी लागतात. मेहनत करणाऱ्या मध्यमवयीन माणसाला वजनाच्या दर किलोमागे 1.2 ग्रॅमच्या आसपास हवीत, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला साधारण 84 ग्रॅम. दोन अंड्यांतून बारा-तेरा, अर्धा लिटर दुधातून सोळा, तीन ज्वारीच्या भाकऱ्यांतून पंधरा, मटकीच्या दोन वाट्यांतून पंधरा-सोळा, मूठ-दोन मूठ फुटाण्यांतून दहा. उरलेली तूट डाळ, दही, सोयाबीन किंवा चिकन भरून काढतं. यात पावडरचा परदेशी डबा कुठंच लागला नाही. दुपारी फरसाणाच्या जागी फुटाणे आणि ताक ठेवलं तरी मोठा फरक पडतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, रक्तदाब असेल, चालताना छातीत भरून येत असेल, तर मेहनत सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जिममध्ये कुणी ‘कटिंग’साठी, म्हणजे अंगावर रेषा उमटवायला, इंजेक्शन, गोळी किंवा चरबी जाळणारी पावडर पुढं केली, तर घेऊ नका. स्टेरॉइडनं हृदयाचे स्नायू जाड होतात, कोलेस्टेरॉल बिघडतं, शरीराचं स्वतःचं संप्रेरक बंद पडतं. चाळिशीपुढं हृदय आधीच जपावं लागतं. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावरचे स्पर्धक त्या दिवसापुरते पाणी-मीठ तोडून तसे दिसतात. महिन्याभरानं ते स्वतःही तसे नसतात. पुरुषांच्या पोटावर सहा रेषा दिसायला चरबी दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आणावी लागते. पन्नाशीतल्या दुकानदाराला त्याची काही गरज नाही. कमर 90 च्या आत, दंडात भरीवपणा आणि पोतं उचलताना न दुखणारी पाठ, इतकं पुष्कळ झालं.

उशीर झाला असं कुणीही समजू नये. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचे स्नायू 9 टक्क्यांनी भरले. नव्वदीत हे होतं, तर पन्नाशीत नक्कीच होईल.

शेवटी एक मागणं आपल्या गल्लीगल्लीतल्या तालीम मंडळांकडे आणि व्यायामशाळांकडे. जागा तुमच्याकडे आहे, वजनं आहेत, शिकवणारे जुने पैलवानही आहेत. आठवड्यातले तीन दिवस पहाटेचा एक तास चाळिशीपुढच्या माणसांसाठी आणि दुपारचा एक तास बायकांसाठी राखून ठेवा. दारावर तशी पाटी लावा. मंडळींनो, पाटी लागली की तुम्हीही आत जा.