कुलपासह जन्मलेले कार्ड : घरगुती ध्वनियंत्राचा इतिहास आणि त्याचे मोल

१/१४
मेमरी कार्डावरील संगीत उच्च दर्जात वाजवणारे यंत्र घरच्या टेबलावर जोडण्याचा छंद अनेकांना निरर्थक वाटतो. तेच गाणे खिशातल्या फोनवर वाजत असताना सोल्डरिंगचा धूर कशासाठी? प्रश्न रास्त आहे. ‘आवाज अधिक चांगला येतो’ हे हौशींचे ठरलेले उत्तर मात्र पुरेसे नाही. खरे उत्तर या कार्डाच्या इतिहासात आहे. त्यासाठी हा थ्रेड.

२/१४
आरंभ एका चमत्कारिक आकड्यापासून. सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, म्हणून ४०,००० हून अधिक नमुने हवेत, हे गणित स्पष्ट आहे. पण नेमके ४४,१००च का? कारण १९७०च्या दशकाच्या अखेरीस अंकीय आवाजाचा एवढा ओघ साठवायला सोयीचे साधन होते व्हिडिओ टेप. जपान-अमेरिकेच्या दूरचित्रवाणी पद्धतीत २४५ रेषा × ६० फील्ड × ३ नमुने = ४४,१००. युरोपच्या पद्धतीत २९४ × ५० × ३ = पुन्हा ४४,१००. दोन्ही जगांना सामावणारा आकडा म्हणून तो टिकला.

३/१४
१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानच्या बाजारात आला. दोन वाहिन्या, प्रत्येक नमुना १६ बिटांचा; म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. मिनिटाला एक कोटी बाइटांहून थोडे अधिक. १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीची हार्डडिस्क १० मेगाबाइटची होती. तिच्यात सीडीच्या दर्जाचे जेमतेम एक मिनिट मावले असते. त्यामुळे त्या काळी फिरती तबकडी, मोटर आणि लेझर यांना पर्याय नव्हता.

४/१४
पर्याय तोशिबाच्या प्रयोगशाळेत आकार घेत होता. फुजिओ मासुओका यांनी १९८४मध्ये फ्लॅश मेमरीची कल्पना जाहीरपणे मांडली आणि १९८७मध्ये तिचा नँड हा प्रकार. वीज गेली तरी माहिती टिकते आणि कोणताही भाग हलत नाही. मात्र ही स्मृती संगीतासाठी परवडेपर्यंत आणखी एक दशक उलटले.

५/१४
१९९८मध्ये अमेरिकेत डायमंड मल्टिमीडियाचा ‘रिओ पीएमपी३००’ आला. त्याची स्मृती ३२ मेगाबाइट. सीडीच्या दर्जाची तीनच मिनिटे तीत बसली असती, म्हणून एमपी३. कानाला न जाणवणारा भाग गाळून आवाज सुमारे एक-दशांशावर आणणारी ही पद्धत होती. रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने रिओविरुद्ध न्यायालय गाठले. जून १९९९मध्ये अपील न्यायालयाचा निकाल डायमंडच्या बाजूने लागला : स्वतःजवळचे संगीत दुसऱ्या साधनावर नेणे हा खासगी वापर ठरला.

६/१४
त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९९९मध्ये मात्सुशिता, तोशिबा आणि सँडिस्क यांनी एसडी कार्ड जाहीर केले. या नावातल्या ‘एस’चा अर्थ ‘सुरक्षित’. सुरक्षित कोणापासून? ऐकणाऱ्यापासून! संगीताची नक्कल रोखण्यासाठी कार्डात कूटबद्ध व्यवस्था आणि राखीव कप्पा ठेवला होता. रेकॉर्ड कंपन्यांचा विश्वास संपादन करण्यासाठी दिलेले ते कुलूप होते.

७/१४
याच कार्डाला एक दुसरे दारही होते. १९९७च्या मल्टिमीडिया कार्डाकडून एसपीआय नावाची साधी संवादपद्धत त्याला वारशाने मिळाली होती. चार संकेततारा, थोड्या आज्ञा, आणि अगदी स्वस्त मायक्रोकंट्रोलरही कार्ड वाचू शकतो. राखीव कप्प्याला हात न लावता सामान्य फाइली त्यात मुक्तपणे ठेवता येतात. कुलूप जागच्या जागी राहिले, आणि हौशी मंडळी शेजारच्या उघड्या दाराने आत गेली.

८/१४
या हौशींत जपानी लोक ठळकपणे दिसतात, आणि त्यालाही पूर्वपीठिका आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोच्या अकिहाबारा परिसरात रेडिओचे सुटे भाग विकणारे ठेले उभे राहिले. जवळच्या विद्युत्-शिक्षणसंस्थेतील विद्यार्थी ते भाग जोडून रेडिओ तयार करत. १९४९मध्ये दोस्तांच्या प्रशासनाने रस्त्यावरील ठेले हटवण्याचा हुकूम काढला, तेव्हा विक्रेते रेल्वेमार्गाखालच्या गाळ्यांत शिरले. टंचाईतून आलेली ही ‘स्वतः जोडून घेण्याची’ सवय समृद्धीच्या काळातही सुटली नाही.

९/१४
त्याच परंपरेत ‘चॅन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जपानी हौशीने २००६मध्ये ‘फॅटएफएस’ ही मोफत आज्ञावली प्रसिद्ध केली. कार्डावरील फाइल शोधून वाचण्याचे किचकट काम ती छोट्या चिपवर करते. आज जगभरची असंख्य यंत्रे, व्यावसायिक यंत्रेसुद्धा, ती वापरतात. हौशी ज्ञान बाजाराचे उष्टे खाऊनच जगते, या समजाला हे उत्तर पुरेसे आहे.

१०/१४
आता यंत्राचे पोट उघडून पाहावे. कार्ड माहिती एका लयीत देत नाही, मध्येच थबकते. एका वाचनासाठी १०० मिलीसेकंदांपर्यंत वेळ घेण्याची मुभा मानकाने त्याला दिली आहे. तेवढ्यात सीडीच्या दर्जाचे १७,६४० बाइट वाजून संपतात. म्हणून मध्ये त्याहून मोठा बफर लागतो. गावाच्या पाण्याच्या टाकीसारखे त्याचे काम : वरून पाणी केव्हाही येवो, नळाची धार तुटता कामा नये.

११/१४
ही धार मोजून सोडणारे घड्याळ म्हणजे क्रिस्टल. २२.५७९२ मेगाहर्ट्झ हा आकडा ४४,१००च्या बरोबर ५१२ पट आहे, २४.५७६ मेगाहर्ट्झ हा ४८,०००च्या ५१२ पट. म्हणून चोखंदळ यंत्रात दोन क्रिस्टल असतात. तेथून फिलिप्सने १९८६मध्ये मांडलेल्या आय-टू-एस पद्धतीच्या तीन तारांनी अंक डॅक चिपमध्ये जातात आणि पुन्हा आवाजाची लहर बनतात. अंक अचूक असूनही त्यांची वेळ थरथरली, तर लहरीचा आकार बिघडतो. घरगुती यंत्राची सारी शर्थ या शेवटच्या टप्प्यावर असते : घड्याळ डॅकच्या जवळ, तारा आखूड आणि वीजपुरवठा शांत.

१२/१४
इथेच छंदाच्या श्रद्धाही तपासायला हव्यात. ‘अमुक कंपनीच्या कार्डाचा आवाज अधिक गोड’ हा दावा बफर नीट बांधला असेल तर टिकत नाही. कार्डाच्या वाचनाने वीजपुरवठ्यात होणारा गोंगाट खरा असतो. पण तो मोजता येतो आणि स्वतंत्र नियामक लावून आवरताही येतो. सीडीहून वरच्या दर्जाचेही तसेच. मेयर आणि मोरन यांच्या २००७च्या चाचण्यांत श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. जोशुआ रीस यांनी २०१६मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा अचूक उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक आहे, पण नाणेफेकीपेक्षा थोडाच अधिक. तेवढ्यावर अभिमानाचे मनोरे रचणे शहाणपणाचे नव्हे.

१३/१४
मग या यंत्राचे मोल कशात? ते पूर्णपणे समजते आणि पूर्णपणे मालकीचे असते, यात. भाडेतत्त्वावरच्या संगीतात करार संपला की गाणे यादीतून नाहीसे होते; बंद पेटीतले यंत्र बिघडले की फेकावे लागते. घरी जोडलेल्या यंत्राचा प्रत्येक सांधा त्याच्या कर्त्याला ठाऊक असतो. रिओच्या खटल्यात ऐकणाऱ्याचा जो हक्क मान्य झाला, तो कागदावरून हातात येतो तो असा. १२८ गिगाबाइटच्या कार्डावर आज सीडीच्या दर्जाचे सुमारे २०० तास मावतात, तेही काहीही न गाळता. कार्डही अमर नसते, त्यामुळे दुसरी प्रत ठेवणे ओघाने आलेच. पण ती प्रत काढायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

१४/१४
महाराष्ट्रात हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. जुन्या मैफलींची कितीतरी ध्वनिमुद्रणे कोणत्याही कंपनीच्या यादीत नाहीत. ती संग्राहकांच्या घरी स्पूल आणि कॅसेटवर आहेत. त्यांचे अंकीकरण झाले तरी ऐकण्याचे साधन परक्याच्या मर्जीवर असेल, तर जतन अर्धेच राहते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही क्रिस्टल, रेझिस्टर आणि कार्डाचे सॉकेट सुटे मिळतात. इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांनी जुने आवाज गोळा करावेतच. ते वाजवणारे एखादे यंत्रही स्वतःच्या हातांनी जोडून पाहावे. साधन कसे चालते हे ज्याला कळते, त्याच्याकडचा ठेवा सहसा मुका होत नाही.

(समाप्त)